भांड्यावरची नावं तेवढी ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुनी पितळी भांडी, देवाचे टाक, मुखवटे, लाकडी खेळणी वगैरे आणून हॉल कसा सजवायचा यावर अख्खं पान होतं. फोटो छानच होते, आणि हा माझा तीस-बत्तीस वर्षांचा नाद असल्याने मी चहा घेता घेता पहिल्यांदा तेच पान उघडलं. पण त्यात एका चौकटीत सल्ला दिलाय की जुना तांब्या किंवा परात घेतली की आधी बफिंग करून आणा आणि वर लॅकरचा हात मारा म्हणजे परत काळं पडायला नको. ते वाचून माझा चहा गार झाला. पत्र लांबलंय याची मला कल्पना आहे, कापायचं तर कुठूनही कापा, फक्त बफिंगचा भाग कापू नका.

मी पोस्टातून रिटायर झालेली बाई, कोणी तज्ज्ञ वगैरे नाही. काउंटरला आणि मग सॉर्टिंगला मिळून ३४ वर्षं काढली. जुन्या बाजाराची सवय लागली ती नवऱ्यामुळे, त्यांना रेडिओचे पार्ट लागायचे म्हणून रविवारी सकाळी आम्ही मंगळवार पेठेत जायचो, ते व्हॉल्व्ह शोधत बसायचे आणि मी शेजारच्या पथारीवर. (बुधवारी पण भरतो बाजार, पण तेव्हा ऑफिस असायचं.) पहिली वस्तू घेतली ती एक अडकित्ता, नंतर चुनाळू, फणीकरंड्याची पेटी, एक पितळी वज्री, म्हणजे पाय घासायची, वर मोर असलेली. असं करत करत घरात जागा उरली नाही आणि सूनबाई आल्यावर तिने पहिल्याच महिन्यात विचारलं की आई, हे सगळं आपलं आहे का दुकानाचं.

आता बफिंगचं. २००९ ची दिवाळी. त्या पावसाळ्यात मी एक फिरकीचा तांब्या घेतला होता, गंगाजमनी, म्हणजे अर्धा तांब्याचा अर्धा पितळेचा, आणि गळ्याखाली टिंबा-टिंबांनी कोरलेला मजकूर. जुनी नावं अशीच असतात बघा, हातोडी आणि छिन्नी घेऊन ठोकून ठोकून काढलेली, एका ओळीत अक्षर वर जातं मग खाली येतं. मला त्यातलं 'हीस' आणि 'शके' एवढंच पटकन लागलं, बाकी मळ भरलेला होता, म्हटलं दिवाळीनंतर निवांत बसू. आणि मग हातपाय दुखत होते म्हणून घरातल्या इतर भांड्यांबरोबर तो पण पॉलिशला दिला. चार दिवसांनी आला तो असा चकाचक की त्यात स्वतःचं तोंड दिसावं. गळ्याखाली काही नाही. मी फिरवून फिरवून बघतेय. दुकानदार म्हणाला, काकू, ओरखडे होते ते पण काढून टाकलेत, एक्स्ट्रा चार्ज लावला नाही.

त्याला काय बोलणार, त्याने त्याचं काम चोख केलं होतं. चूक माझी, वाचायच्या आधी दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बफिंग म्हणजे मोटारवर चाक फिरतं, आधी खरबरीत एमरीचं, मग कापडाचं पॉलिशचा साबण लावलेलं, आणि ते धातूचा वरचा थरच खरवडून काढतं. टिंबांचं कोरीव काम असतं केवढं, नखाने लागेल एवढं. दोनदा चाकाला लागलं की संपलं. आणि लॅकरने काळं पडत नाही हे पण खोटं, दोन-तीन वर्षांत ते एकेका ठिकाणी सुटतं आणि तिथे तिथे डाग पडतात, मग ते काढायला परत बफिंग. म्हणजे दुकानदाराची सोय.

यावर कोणी म्हणेल की काकू, आपल्या आज्या रोज चिंचेने घासायच्याच ना भांडी. घासायच्याच. चिंच, लिंबाची सालं, राख, माती, जे हाताला येईल त्याने. देवसुद्धा लग्नकार्याच्या आधी सोनाराकडे उजळायला जातात आपल्याकडे. मी काही भांडी काळीकुट्ट ठेवा म्हणत नाही. पण हाताने घासलेलं भांडं पन्नास वर्षांत झिजतं ते हाताच्या जागी झिजतं, गळ्याला, काठाला, बुडाला, आणि अक्षरं खोलगट असल्याने ती उलट मळाने भरून जास्त उठून दिसतात. चाक सगळीकडे सारखं फिरतं, त्याला नाव आणि ओरखडा यातला फरक कळत नाही.

आता त्या नावांत एवढं काय आहे. अहो सगळं तिथेच आहे. तांब्या तांब्यासारखाच असतो, आमच्या कसब्यातल्या तांबट आळीत ठोकलेला असो नाहीतर दुसरीकडे. पण काठावर लिहिलेलं असतं चि. सौ. कां. अमुक हीस मामांकडून, गावाचं नाव, शके एवढे. शक्यात ७८ मिळवा, इसवी सन आला (पौष-माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९, पण तेवढं कोण लिहितंय). म्हणजे एक लग्न, एक नातं, एक गाव आणि एक वर्ष, फूटभर काठावर. काहींवर देवस्थानाचं नाव असतं, ती गावच्या देवळाची भांडी, लग्नाला न्यायची आणि धुऊन परत करायची, आणि परत यावीत म्हणून तर नाव. एका मोठ्या हंड्यावर मी तालमीचं नाव वाचलंय. त्यात दूध तापवत असतील नाहीतर खिचडी करत असतील, काय माहीत, पण पैलवानांचा हंडा होता हे नक्की, चौघांनी उचलावा असा.

आई पानशेतच्या पुराचं सांगायची. १२ जुलै १९६१, मी तीन वर्षांची होते, मला काही आठवत नाही. ती म्हणायची की पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांत नुसता चिखल, आणि चिखलातून भांडी निघायची, कोणाची कोणाच्या घरात. आमच्या घरात दोन पातेली आणि एक घंगाळ आलं परक्याचं. आणि आमची परात निघाली तीन वाडे पलीकडे. मग बायका संध्याकाळी दारात भांडी मांडून बसायच्या आणि नावं मोठ्याने वाचायच्या, ज्याचं असेल तो येऊन घेऊन जायचा. त्या घंगाळाला कोणी आलं नाही. आईने ते बरीच वर्षं वापरलं नाही, नुसतं ठेवलं. तिचा जीव होईना.

आणि तेच घंगाळ १९७८ का ७९ ला आमच्याच घरातून मोडीत गेलं. स्टीलचं वारं आलं होतं, कल्हईवाला दारावर येईनासा झाला होता आणि कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही करता येत नाही, शिवाय घासून घासून हात दुखायचे. भांडीवाल्याकडे मोड घालायची, तो वजन करणार, त्या बदल्यात स्टीलचे डबे. आमच्या पिढीच्या प्रत्येक घरात हे झालंय, मी कोणाला बोल लावत नाही. माझ्याच लग्नातला स्टीलचा डब्यांचा सेट त्या मोडीतून आला असणार. पण वजनकाट्यावर नावाला किंमत नसते ना. आम्ही पुणेकर नावं ठेवण्यात एवढे पटाईत, जगात कोणाला सोडलं नाही, आणि भांड्यावरची नावं मात्र ठेवली नाहीत.

मोडीवरून आठवलं. जुन्या भांड्यांवर कधी कधी मोडी लिपीत नाव असतं. मोडी आपल्याकडे शाळेत अगदी १९५० च्या आसपासपर्यंत शिकवायचे, वाण्याच्या वहीत तर सर्रास. आता वाचता येत नाही म्हणून लोकांना ते वेटोळं वेटोळं नक्षीकाम वाटतं किंवा खरंच ओरखडे वाटतात, आणि मग मोडीतलं भांडं मोडीत. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, मी रिटायर झाल्यावर शिकले, परीक्षेत काठावर पास झाले पण भांड्यापुरती येते. भांड्यावर फार काही लिहिलेलं नसतंच, दोन-चार शब्द, नाव आणि गाव.

तुमच्या लेखात जुनं कसं ओळखायचं याचा एक परिच्छेद आहे, त्यात लिहिलंय की हिरवट रंग चढलेला असेल तर वस्तू अस्सल. हे वाचून जुन्या बाजारातले निम्मे लोक पोट धरून हसले असतील. हिरवा रंग ॲसिडने पंधरा दिवसांत चढतो, मातीत पुरून तर आणखी छान येतो, वर बुटाचं पॉलिश चोळलं की झाली पेशवेकालीन. ओल्या कापसाने पुसून बघा, कापूस हिरवा किंवा तपकिरी झाला तर ठेवून द्या परत. मी स्वतः फसलेय, खंडोबाचा मुखवटा, १९९९ साली, साडेआठशे रुपये, तेव्हाचे. विकणारा म्हणाला दोनशे वर्षं. घरी आणून खिडकीत धरला तर नाक आणि मिशी अगदी कोरीव, धारदार, आणि गालाच्या मागे कानाच्या फटीत कानशीचे ताजे चरे पिवळे चमकतायत. दोनशे वर्षं रोज ज्याला हळद लागली, ज्याच्यावर भंडारा उधळला, त्याचं नाक असं राहतं होय? खऱ्या जुन्या देवाचं नाक-डोळे पार गुळगुळीत झालेले असतात, नुसता अंदाज उरलेला असतो. ज्या जागेला हात लागतो तिथे झीज, हे बघायचं. अडकित्त्याचा दांडा आतून झिजलेला हवा, बाहेरून नाही. तांब्याच्या बुडाशी किंवा पोटाला दात्यांसारखा नागमोडी जोड दिसला तर तो पत्रा ठोकून हाताने जोडलेला, नवीन भांडं मशीनवर एकसंध फिरवलेलं असतं. आणि ती ईस्ट इंडिया कंपनीची १८१८ ची रामदरबाराची नाणी, कृपा करून घेऊ नका. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलं नाही.

दुसरं, त्याच पानावर एक फोटो आहे आणि खाली लिहिलंय शंभर वर्षं जुनं वारली पेंटिंग, कापडावर. संपादकसाहेब, वारली बायका पिढ्यान्पिढ्या काढायच्या ते झोपडीच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी देवचौक, मध्ये पालघट देवी, आणि काढणार सवाशिणी. लग्न झालं, पाऊस आला, भिंत सारवली की चित्र गेलं. ते ठेवायचं असतं असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. कागदावर वारली आलं ते १९७० च्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे कागद आणि रंग घेऊन गेले त्यानंतर, आणि तिथल्याच वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा कापडावरचं शंभर वर्षांचं वारली कुठून येणार? १९७५ चं खरं मिळालं तरी ते केवढं मोठं. जुनं असलं की भारी हे डोक्यातून काढायला पाहिजे. लोककलेत कित्येक गोष्टी मुळात टिकायला केलेल्याच नसतात.

आता माझा दुसरा गुन्हा सांगते म्हणजे मी फार शहाणपणा करतेय असं वाटायला नको. १९९७ साली एका दलालाकडून मी चित्रकथीचं एक पान घेतलं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर लोक ही चित्रं देवळात रात्री मांडून रामायण-महाभारत सांगायचे, वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीवर, एक एक पान पुढे सरकवत. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला याच कामाबद्दल पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. तर माझ्या पानावर एक रथ, रथात मोठ्या डोळ्यांचा धनुर्धारी, लाल आणि तपकिरी रंग, डोळ्याचं बुबुळ असं की खोलीत कुठेही बसा तुमच्याकडेच बघतंय. मी ते लगेच लक्ष्मी रोडवर काचेत फ्रेम करून आणलं आणि सोफ्याच्या वर लावलं. येणारा जाणारा विचारायचा, मी ऐटीत सांगायची.

अकरा वर्षांनी कसर लागली म्हणून फ्रेम उघडली. पान हातात घेऊन उलटलं तर मागे दुसरं चित्र. एक बाई झाडाखाली बसलेली, समोर कोणीतरी हात जोडून उभं, पानं फुलं वरपर्यंत. चित्रकथीची पानं अशीच असतात हो, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, इकडची बाजू सांगून झाली की उलटून तिकडची. म्हणजे अकरा वर्षं अर्धी गोष्ट मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आणि त्याहून वाईट, ते पान एका पोथीतलं होतं. एका कथेची पन्नास-पन्नास पानं असतात, ती सुटी करून विकली की जास्त पैसे येतात म्हणून दलाल सुटी करतात. माझं पान मधलं आहे. त्याच्या आधीचं कोणाच्या तरी फार्महाऊसवर असेल, नंतरचं आणखी कुठे. मी त्या दलालाला तेव्हा एवढं पण विचारलं नव्हतं की कोणाच्या घरातून आणलं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं नसतं हा भाग वेगळा, पण मी विचारलं नाही.

मग मला केळकरांचं जास्तच कौतुक वाटायला लागलं. शुक्रवारातलं राजा दिनकर केळकर म्युझियम शाळेच्या ट्रिपला सगळे जातात, मस्तानी महाल बघतात, अडकित्ते बघून हसतात आणि बाहेर येऊन भेळ खातात, मी पण तेच केलं होतं. पण मोठेपणी गेलात तर लेबलं वाचा. दिनकर केळकर चष्म्याच्या धंद्यातला माणूस, अज्ञातवासी नावाने कविता करायचे, १९२० च्या सुमारास गोळा करायला लागले आणि १९९० ला जाईपर्यंत थांबले नाहीत. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. वीस हजारांवर वस्तू, दिवे, वज्र्या, कुलपं, भातुकली, दौती, आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. त्यातलं दाखवायला मांडलेलं थोडंच आहे, जागाच नाही. मुद्दा असा की त्यांनी गोळा केलं ते राजेरजवाड्यांचं नव्हे, बाईच्या हातातलं, परसातलं, न्हाणीघरातलं, जे त्या काळी कोणी ढुंकून बघत नव्हतं. आपण आता तेच शोपीस म्हणून घेतो आणि त्याच्यात मनी प्लँट लावतो.

कायद्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही हे पण खटकलं. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू ही कायद्याने पुरावशेष, हस्तलिखितं वगैरेंना ७५ वर्षं. १९७२ चा कायदा आहे, लागू झाला ५ एप्रिल १९७६ पासून. घरात ठेवायला बंदी नाही, पण मूर्ती, चित्र, सचित्र पोथी असली तर पुरातत्त्व खात्याकडे नोंद करावी लागते, विकण्याचा धंदा करायचा तर लायसन लागतं आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. (माझं पान मी जाणकारांना दाखवून आणलं, शंभरीच्या आतलं निघालं, हुश्श झालं.) हस्तिदंताची फणी किंवा सोंगट्या कोणी विकत असेल तर तिथून चालू पडा, तो वन्यजीव कायद्याचा मामला.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो, गेल्या वर्षी आला तेव्हा म्हणाला मावशी, आजीची समई नेतो. म्हटलं ने की, तुझीच आहे, पण एअरपोर्टवर कोणी विचारलं ही किती जुनी तर काय सांगशील? त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग आम्ही समई उलटी केली आणि बैठकीच्या आत खोल, जिथे घासणाऱ्याचा हात पोचत नाही अशा जागी, शके १८७५. म्हणजे १९५३. वस्तू पुरावशेष नाही असं पुरातत्त्व खात्याकडून सर्टिफिकेट मिळतं, त्याने फोटो काढून रीतसर अर्ज केला, मिळालं, समई गेली. तिकडे दिवाळीत लावली त्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला, वाती जरा जाड झाल्या होत्या पण असो.

टाकांबद्दल मात्र मला नीट काय म्हणायचं ते मलाच कळत नाहीये. तुमच्या फोटोत काळ्या मखमलीवर पंधरा-सोळा टाक लावून फ्रेम केलीय, दिसतंय सुंदर यात वाद नाही. जुन्या बाजारात मी परातभर टाक ढिगाने बघितलेत, घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा, खाली कुत्रं, सगळं मिळून अंगठ्याएवढं, पातळ पत्रा, मागून बघितलं तर उलटा देव. एक हातात घेतला तर पार झिजून घोडा आणि माणूस यातली रेघच गेलेली. किती अभिषेक झाले असतील त्याला. विकणारा मुलगा वीस-बावीसचा, म्हणाला आजी, वजनावर देतो, चांदीचा भाव बघा आणि घ्या. मी घेतले नाहीत. ठेवून द्यावेसे पण वाटेनात, हातात धरून बराच वेळ उभी होते. माझी मैत्रीण घेते, तिच्याकडे आहेत, रोज फूल वाहते, कोणाचे देव ते माहीत नाही तरी वाहते. ती म्हणते वितळवण्यापेक्षा बरं. असेल. मला तिचं पटतं आणि पटतही नाही.

सॉर्टिंगला असताना अशी पाकिटं यायची की वर पत्ता अर्धवट, पाठवणाऱ्याचं नाव नाही, मग ती आर.एल.ओ. ला, म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिसला जायची, तिथे उघडून आत काही धागा लागतो का बघायचे. लागला तर परत प्रवासाला लागायचं पाकीट, कधी सहा महिन्यांनी पोचायचं, पण पोचायचं. तेव्हापासून मला पत्ता खोडलेला बघवत नाही. म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक वस्तूला मी आता एक चिठ्ठी दोऱ्याने बांधलीय, कुठून घेतली, कधी, कितीला, विकणारा काय म्हणाला (आणि ते खरं वाटलं का), वाडा कुठला. फिरकीच्या तांब्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय, मजकूर होता, माझ्या हाताने गेला. सून हसते पण परवा तिनेच तिच्या माहेरच्या पोळपाटाला चिठ्ठी बांधली.

तुम्हाला एक सुचवते. पुरवणीत सजावट छापाच, पण कोपऱ्यात दर रविवारी एका भांड्यावरच्या मजकुराचा फोटो छापा, वाचकांनी पाठवलेला. पाठवायच्या आधी भांडं नुसतं कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुवा, अक्षरांत थोडी तांदळाची पिठी चोळून वरून पुसून घ्या, अक्षरं पांढरी उठतात, मोबाईल तिरका धरून उजेड एका बाजूने येऊ द्या. मोडीत असलं तर मी वाचून देईन, फुकट. माळे साफ करायला काढले, वाडा रिडेव्हलपमेंटला दिला, आईच्या माघारी कपाट आवरलं की सगळ्यात आधी भंगारवाल्याला फोन जातो, त्याच्या आधी पाच मिनिटं भांडी उलटी करून बघितली तरी पुष्कळ.

सुरुवात माझ्यापासून करा. २०१४ साली जुन्या बाजारात मी एक पितळी परात घेतली, ३५० रुपयांना, बऱ्यापैकी मोठी, एका बाजूला काठ पोचा आलेला आणि पोच्याजवळ कोणीतरी झाळून डाग लावून घेतलाय. काठावर देवनागरीत, टिंबांनी, एका मुलीचं नाव, मग 'हीस मामांकडून', मग मेणवली, शके १८४८. १९२६ म्हणजे शंभरीला आली. मुलीचं नाव आणि आडनावाची आद्याक्षरं मी मुद्दाम इथे लिहीत नाही. वाईकडच्या कोणाच्या घरात आजीची, पणजीची अशी परात होती आणि गेली असं असेल तर तिने किंवा त्याने काठावर काय नाव होतं ते तुमच्या ऑफिसला कळवावं, माझा पत्ता मी पाकिटात वेगळा दिलाय. नाव जुळलं की परात त्यांची, पैसे नकोत. फक्त येताना जाड पिशवी आणा, जड आहे. आणि बफिंगला देणार नाही एवढं कबूल करून न्या.

कळावे,
आपली एक जुनी वर्गणीदार,
सदाशिव पेठ, पुणे ३०